‘फार’ म्हणजे ‘व्हेरी’ की ‘टू’?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला कठीण शब्दांपेक्षा सोपे शब्दच अधिक फसवतात. कठीण शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. सोपा शब्द मात्र आपल्याला येतोच, अशा खात्रीने वापरला जातो आणि वर्षानुवर्षे चुकीचा वापरला जातो. ‘टू’ हे परिमाणवाचक क्रियाविशेषण याचे ठळक उदाहरण आहे. ‘द फूड वॉज टू टेस्टी’, ‘युअर हाऊस इज टू ब्युटिफुल’, ‘ही इज टू इंटेलिजंट’ अशी वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. बोलणाऱ्याला स्तुती करायची असते. ऐकणारा भारतीय असेल तर त्याला ती कळतेही. परंतु भारताबाहेरच्या इंग्रजी भाषकाच्या कानाला या वाक्यांत काहीतरी बिघडल्याची सूचना ऐकू येते. जेवण चविष्ट आहे, पण प्रमाणाबाहेर; मग अडचण काय झाली, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पूर्वी पाचवीपासून इंग्रजी शिकवले जाई. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरमधील गारखेड्यासारख्या वस्तीत त्यामुळे पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवलेले पालक आणि पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुले एकाच घरात आढळतात. दोन पिढ्यांच्या इंग्रजीत पुष्कळ अंतर पडले. ‘टू’ची चूक मात्र दोन्हींकडे सारखीच राहिली. कारण या चुकीचे मूळ आपल्या ‘फार’ या शब्दात आहे.

लिहिण्याचा एक संकेत

इंग्रजीत सारख्याच उच्चाराचे तीन शब्द आहेत. पहिला दोन या संख्येचा. दुसरा क्रियापदापूर्वी किंवा ‘कडे, ला’ या अर्थी येणारा. त्याच्या स्पेलिंगमध्ये एकच ‘ओ’ असतो. तिसरा आपला आजचा शब्द. त्यात दोन ‘ओ’ असतात. शेवटचे दोन मुळात एकच होते, पुढे लिहिताना वेगळे झाले. उच्चारातही फरक आहे. क्रियापदापूर्वीचा शब्द ओझरता, जवळजवळ ‘ट’ असा उच्चारला जातो; परिमाणवाचक शब्द मात्र दीर्घ आणि ठसठशीत असतो. म्हणून या लेखात परिमाणवाचक शब्द ‘टू’ असा दीर्घ आणि क्रियापदापूर्वीचा ‘टु’ असा ऱ्हस्व लिहिला आहे. परीक्षेत किंवा अर्जात एक ‘ओ’ गळला, तर स्पेलिंगबरोबर व्याकरणही चुकते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

मराठी ‘फार’चे दोन अर्थ

‘चहा फार गोड आहे’ या वाक्याचा अर्थ काय? पाहुणा कप संपवून समाधानाने हे म्हणत असेल तर ती पावती आहे. मधुमेही माणूस कप बाजूला सारून म्हणत असेल तर ती तक्रार आहे. शब्द तेच, अर्थ ठरतो तो स्वरावरून, चेहऱ्यावरून आणि प्रसंगावरून. ‘खूप’ आणि ‘फारच’ यांचेही तसेच. ‘फारच छान’ आणि ‘फारच उशीर झाला’ यांत ‘फारच’ एकच असले तरी पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात हळहळ. या शहरात मराठीच्या जोडीने बोलल्या जाणाऱ्या हिंदी आणि दख्खनी बोलीतील ‘बहुत’ची गतही निराळी नाही.

इंग्रजीने हे काम दोन शब्दांत वाटून दिले आहे. ‘द टी इज व्हेरी स्वीट’ म्हणजे गोडी मोठ्या प्रमाणात आहे. ते चांगले की वाईट, यावर वाक्य काही बोलत नाही. ‘द टी इज टू स्वीट’ म्हणजे गोडीने मर्यादा ओलांडली आहे. ‘व्हेरी’ मोजते, ‘टू’ निवाडा देते. या लेखातील पुढचे सर्व नियम याच एका भेदातून निघतात.

‘व्हेरी’चे मूळही येथे उपयोगी पडते. हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘सत्य’ या अर्थाच्या शब्दापासून आला. आधी ‘खरा’, मग ‘खरोखर’ आणि त्यातून ‘अतिशय’ असा त्याचा प्रवास झाला. म्हणूनच ‘व्हेरी’त तक्रार नसते, त्यात केवळ ग्वाही असते. त्या जुन्या अर्थाचा अंश ‘ऑन दॅट व्हेरी डे’, म्हणजे ‘नेमक्या त्याच दिवशी’, अशा प्रयोगांत आजही शिल्लक आहे.

अतिवृष्टीचा दाखला

मर्यादेची ही कल्पना मराठीला परकी नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण तीच सांगते. तरीही आपल्या ‘अति’लाही दोन चेहरे आहेत. ‘अतिसुंदर’मधील ‘अति’ म्हणजे ‘व्हेरी’. ‘अतिरेक’ आणि ‘अतिक्रमण’ यांतील ‘अति’ म्हणजे ‘टू’.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा भेद पावसावरून चटकन कळेल. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून अधिक म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. या वर्गवारीत ‘टू हेवी’ नावाची पायरी नाही आणि असूही शकत नाही. हवामान विभागाचे काम पाऊस मोजण्याचे. तो कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, हे पर्जन्यमापकाला ठाऊक नसते. दुसरीकडे, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की शासन मदतीच्या निकषासाठी ‘अतिवृष्टी’ धरते. येथे नुसती मोजणी उरत नाही. एक रेषा आखलेली असते, ती ओलांडली जाते आणि त्यातून पंचनामा, मदत अशा पुढच्या गोष्टी निघतात. शेतकरी म्हणतो, ‘द रेन वॉज टू हेवी फॉर द क्रॉप’. पाऊस पिकाला सोसण्यापलीकडचा होता, हा त्याचा निवाडा आहे. तोच पाऊस धरणासाठी ‘टू हेवी’ नसू शकतो. मर्यादा नेहमी कोणाची तरी असते. म्हणूनच ‘टू’च्या मागोमाग ‘फॉर’ येण्याची सोय इंग्रजीने ठेवली आहे.

मोजमाप तेच राहून मर्यादा बदलली तर काय होते, याचे उत्तर आपल्या राज्यघटनेच्या इतिहासात सापडते. १९८७ साली वीस वर्षांच्या तरुणीला ‘टू यंग टु व्होट’ म्हणणे बरोबर होते, कारण मतदानाचे वय २१ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि ही दुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. त्यानंतरची वीस वर्षांची तरुणी तितकीच ‘यंग’ होती. पण ती ‘टू यंग’ राहिली नाही.

‘रिमूव्ह टू’ आणि मराठी क्रियापद

राज्य मंडळाच्या परीक्षांना बसलेल्यांना ‘रिमूव्ह टू’ हा प्रश्न आठवत असेल. ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ हे वाक्य दिले की त्याचे ‘द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट’ असे रूपांतर करायचे आणि गुण मिळवायचे. अनेक विद्यार्थी हे रूपांतर यांत्रिकपणे बिनचूक करतात आणि वर्गाबाहेर पडताच ‘टू टेस्टी’ म्हणतात. त्या प्रश्नातच ‘टू’चा सारा अर्थ उलगडलेला असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पहिल्या वाक्यात ‘नॉट’ कोठेही नाही. दुसऱ्यात ते प्रकट झाले. म्हणजे ‘टू’च्या पोटात नकार दडलेला असतो. ‘टू’ काढले की तो बाहेर येतो.

हे रूपांतर करताना तीन ठिकाणी चुका होतात. पहिली, ‘टू हॉट टु ड्रिंक इट’. चहाचा उल्लेख वाक्याच्या आरंभी झालेला असल्याने शेवटी ‘इट’ येत नाही; ‘सो... दॅट’ने जोडलेल्या वाक्यात मात्र ते आवश्यक असते. दुसरी, ‘ही इज टू टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक’. यात दोन रचनांची सरमिसळ झाली आहे. ‘टू’शी ‘टु’ची जोडी आहे आणि ‘सो’शी ‘दॅट’ची. तिसरी चूक काळाची. ‘ही वॉज टू टायर्ड टु वॉक’ भूतकाळी असल्याने त्याचे रूपांतर ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’ असे होईल. तेथे ‘कॅनॉट’ चालणार नाही.

या रचनेला मराठीत प्रतिशब्द नाही, असे अनेकांना वाटते. शब्द म्हणून तो नाही हे खरे, पण आपल्या क्रियापदात तो आहे. ‘पिववत नाही’, ‘उचलवत नाही’, ‘बघवत नाही’, ‘जेववत नाही’ ही शक्य क्रियापदे पाहावीत. ‘ही पिशवी मला उचलवत नाही’ या वाक्याचे नेमके इंग्रजी ‘द बॅग इज टू हेवी फॉर मी टु लिफ्ट’ असे होते. मराठीतील ‘मला’ हेच इंग्रजीत ‘फॉर मी’ झाले आणि ‘वत नाही’मधील असमर्थता ‘टू’त सामावली. मराठी भाषक मर्यादा क्रियापदावर नोंदवतो, इंग्रजी भाषक ती विशेषणाआधी नोंदवतो, एवढाच फरक. तेव्हा ‘टू’चे भाषांतर शोधताना ‘फार’कडे धाव घेण्याऐवजी ‘वत नाही’, ‘इतका की... नाही’, ‘नको तितका’, ‘वाजवीपेक्षा जास्त’, ‘प्रमाणाबाहेर’ या प्रयोगांकडे पाहावे.

नामाबरोबर वापरताना

‘टू’ विशेषणापूर्वी किंवा क्रियाविशेषणापूर्वी येते: ‘टू स्लो’, ‘टू क्विकली’. नामापूर्वी ते एकटे येत नाही. मोजता न येणाऱ्या नामापूर्वी ‘टू मच’ येते, जसे ‘टू मच शुगर’. मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामापूर्वी ‘टू मेनी’ येते, जसे ‘टू मेनी व्हेइकल्स’. ‘टू मच हॉट’ हा आपल्याकडे प्रचलित असलेला प्रयोग चुकीचा आहे. भर द्यायचाच असेल तर क्रम उलटून ‘मच टू हॉट’ म्हणावे.

विशेषण आणि नाम दोन्ही आले तर शब्दांचा क्रमही बदलतो. गारखेड्यात भाड्याचे घर पाहणारे कुटुंब ‘इट इज अ व्हेरी स्मॉल फ्लॅट’ असे म्हणेल. पण पाच माणसांना ते पुरणार नसेल तर ‘इट इज टू स्मॉल अ फ्लॅट फॉर अस’ असे म्हणावे लागेल. ‘अ टू स्मॉल फ्लॅट’ असे होत नाही. ही रचना अवघड वाटल्यास ‘द फ्लॅट इज टू स्मॉल फॉर अस’ हे सुटसुटीत वाक्य तेच काम करते.

मर्यादा केवळ वरच्या बाजूलाच असते असेही नाही. ‘टू लिटल वॉटर’, ‘टू फ्यू बसेस’, ‘टू शॉर्ट’ यांत किमान गरजेची रेषा खालच्या बाजूने मोडलेली असते. मराठीत आपण अशा वेळी ‘अपुरे’, ‘तोकडे’, ‘तुटपुंजे’ असे शब्द वापरतो. या शब्दांतही निवाडा असतो, हे ध्यानात घ्यावे. याउलट मर्यादा पुरी झाली असेल तर ‘इनफ’ येते. ते मात्र विशेषणानंतर बसते: ‘ओल्ड इनफ टु व्होट’.

‘व्हेरी’ची पथ्ये

‘टू’ टाळून सर्वत्र ‘व्हेरी’ घातले की प्रश्न सुटतो, असे नाही. ‘मला हे फार आवडते’ याचे शब्दशः ‘आय व्हेरी लाइक इट’ होत नाही, कारण ‘व्हेरी’ क्रियापदाला थेट लागत नाही. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असे म्हणावे. येथे ‘टू’ घातले तर अर्थच पालटतो. ‘आय टू लाइक इट’ म्हणजे ‘मलाही ते आवडते’. ‘सुद्धा’ या अर्थाचा ‘टू’ हा त्याच शब्दाचा दुसरा उपयोग असून तो बहुधा वाक्याच्या शेवटी येतो.

तुलनेत ‘व्हेरी’ चालत नाही. ‘व्हेरी बेटर’ चूक, ‘मच बेटर’ बरोबर. तसेच ज्या विशेषणांत कमाल अर्थ आधीच भरलेला आहे, त्यांना ‘व्हेरी’ची गरज नसते. ‘एक्सलंट’, ‘डिलिशस’, ‘पर्फेक्ट’ यांच्याआधी ‘व्हेरी’ खटकते. भर हवाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ वापरावे. ‘नितांत सर्वोत्कृष्ट’ हे मराठीत जसे कानाला बोचते, तसेच हे.

अपवाद आणि शिष्टाचार

नियम कळल्यावर अपवादही माहीत हवेत. ‘यू आर टू काइंड’ हे स्तुतीचे वाक्य शुद्ध इंग्रजी आहे. ‘माझ्या पात्रतेपेक्षा आपला चांगुलपणा जास्त’ असा विनय त्यात आहे, म्हणजे मर्यादा येथेही आहे. ‘टू गुड टु बी ट्रू’ म्हणजे खरे वाटू नये इतके चांगले. फसव्या योजनांच्या जाहिरातींना हा शब्दप्रयोग चपखल बसतो. ‘आय अ‍ॅम ओन्ली टू हॅपी टु हेल्प’ म्हणजे ‘मदत करायला मला आनंदच वाटेल’. ‘ओन्ली’ लागल्याने येथील नकार विरघळतो. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे ‘तसे बरे आहे’. हे ठरीव प्रयोग आहेत. ते जसेच्या तसे पाठ करावेत, त्यांच्यावरून नवे बेतू नयेत.

भारतीयांच्या आपापसांतील बोलण्यात ‘टू गुड’ ही दाद इतकी रुळली आहे की मित्रमंडळींत तिला हरकत घेण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो अनोळखी वाचक किंवा श्रोता समोर असताना. मुलाखतीत ‘आय अ‍ॅम टू कॉन्फिडंट’ म्हणणारा उमेदवार स्वतःच आपल्याला फाजील आत्मविश्वास असल्याचे सांगून बसतो. शिफारसपत्रात ‘ही इज टू ऑनेस्ट’ असे लिहिले, तर त्या प्रामाणिकपणाची कोणाला तरी अडचण झाली होती, असा अर्थ वाचला जातो. वाळूजच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाला ‘द मशीन रन्स टू फास्ट’ असे कळवले, तर ग्राहक अभिनंदन करणार नाही. यंत्र बंद करून तपासा, असे कळवील.

उलट चूकही तितकीच महाग पडते. शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘हिज ब्लड प्रेशर इज टू हाय फॉर द सर्जरी टुडे’. नातेवाइकाने घरी ‘व्हेरी हाय’ एवढेच कळवले, तर रक्तदाब वाढल्याची बातमी पोहोचते. शस्त्रक्रिया आज होणार नाही, ही मुख्य बातमी मात्र वाटेत गळते. घरमालकाला भाडे ‘व्हेरी हाय’ आहे म्हणणारा भाडेकरू केवळ निरीक्षण नोंदवतो; ‘टू हाय फॉर अस’ म्हणणारा बोलणीला आरंभ करतो. तक्रार करायची तेथे ‘व्हेरी’ म्हटले, तर ती ऐकलीच जात नाही.

दोन प्रश्नांची कसोटी

‘टू’ वापरण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मर्यादा कोणती? आणि ती ओलांडल्याने कोणाचे काय अडले? दोन्हींची उत्तरे मिळाली तर ‘टू’ निर्धास्तपणे वापरावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर ‘व्हेरी’ पुरेसे आहे. ‘वाळूज इज व्हेरी फार फ्रॉम गारखेडा’ हे अंतराचे वर्णन झाले. ‘वाळूज इज टू फार टु वॉक’ म्हटले की पायी जाणे अडले, हे स्पष्ट होते. यजमानांच्या घरून निघताना ‘युअर फूड वॉज टू टेस्टी’ म्हणावेसे वाटले, तर काय अडले ते आठवून पाहावे. काहीच अडले नसेल, उलट दुसऱ्यांदा वाढून घेतले असेल, तर ‘व्हेरी टेस्टी’ म्हणून आभार मानावेत.